लंगोट बोलायचा, डायपर गप्प असतो

लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा तिच्या बॅगेत डायपरची तीन पाकिटं होती आणि माझ्या कपाटात जुन्या सुती साड्या फाडून शिवलेले दोन डझन लंगोट. दोघींनी एकमेकींकडे बघून हसून घेतलं आणि तह केला: दिवसा माझे लंगोट, रात्री तिचे डायपर. बाळ झाल्यावर पाचव्या दिवशी पहाटे ती घाबरीघुबरी होऊन मला उठवायला आली. "आई, याने रात्रभर शूच केली नाही गं. डायपर एकदम कोरडा आहे."

मी कडेतून बोट घालून पाहिलं. खरंच कोरडा. पण काढून हातात घेतला तर जड लागला. केकसाठी आणलेला छोटा वजनकाटा ओट्यावर होता. त्यावर नवा कोरा डायपर ठेवला, २२ ग्रॅम भरला. काढलेला ठेवला, ८९ ग्रॅम. मधले ६७ ग्रॅम म्हणजे जवळजवळ तेवढेच मिलिलिटर शू. "अर्धी वाटी झालीय की गं," मी म्हटलं. लेक आधी हसली आणि मग रडली. पाचव्या दिवशीच्या बाळंतिणीला रडायला कारण लागत नाही.

माझ्या वेळी "लंगोट किती वेळा बदलायचा?" असा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. लंगोट भिजला की दुपटं भिजायचं, दुपटं भिजलं की आपली मांडी भिजायची, आणि तोवर बाळाने घर डोक्यावर घेतलेलं असायचं. लंगोट स्वतःच सांगायचा. डायपर सांगत नाही. सगळी ओल पोटात घेतो आणि वरून शहाण्यासारखा कोरडा राहतो. म्हणून आजच्या आईबापांना घड्याळाकडे बघावं लागतं.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: शी झाली की लगेच, दिवस असो वा रात्र. नुसती शू असेल तर कापडी लंगोट भिजल्याबरोबर आणि डायपर दिवसा दर दोन ते तीन तासांनी. या हिशेबाने तान्ह्या बाळाचे दिवसाला दहा-बारा डायपर होतात. काही महिन्यांनी ते सहा ते आठवर येतात. पण हे आकडे पाठ करण्यापेक्षा ते कुठून आले हे कळलेलं बरं. मग घड्याळ बंद पडलं तरी अडत नाही.

पिशवी केवढी, पाणी केवढं

नवजात बाळाच्या मूत्राशयात जेमतेम ३० मिलिलिटर शू मावते, म्हणजे दोन टेबलस्पून. पोटात दूध सोडून दुसरं काही जात नाही आणि दूध म्हणजे बहुतांशी पाणीच. पिशवी भरली की ती आपोआप रिकामी होते, कारण थांबवून धरण्याची मेंदूची शिकवणी सुरू व्हायलाच दीड-दोन वर्षं जायची असतात. त्यामुळे तान्हं बाळ दिवसाला वीस वेळासुद्धा शू करतं. शीचंही तसंच. पोटात दूध पडलं की आतड्यांना जाग येते, म्हणून कितीतरी बाळं एकीकडे पितात आणि दुसरीकडे शी करतात. नव्या आईला वाटतं दूध बाधतंय. तसं काही नसतं, ही त्या वयाची रीतच आहे.

पहिल्या आठवड्यात मात्र या मोजणीला वेगळाच अर्थ असतो. बाळ अंगावर पितं तेव्हा किती दूध पोटात गेलं ते दिसत नाही. बाटलीवर खुणा असतात, आईच्या अंगावर नसतात. मग आत गेलेलं मोजता येत नाही तर बाहेर आलेलं मोजायचं. साधा हिशेब असा: पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा. तोवर चिकाचे थेंब असतात, मग दूध उतरतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त चांगले भिजलेले लंगोट झाले, तर दूध पुरतंय असं समजावं.

शीचा रंगही याच सुमारास बदलत जातो. पहिल्या दोन दिवसांत काळी-हिरवट, डांबरासारखी चिकट शी होते. गर्भात असताना बाळाने गिळलेल्या पाण्याचा आणि आतड्यांतल्या गाळाचा तो साठा असतो. मग हिरवट-तपकिरी, आणि पाचव्या दिवसाच्या आसपास मोहरीचे दाणे कालवल्यासारखी पिवळी, पातळ. पहिल्या महिन्यात अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसाला तीन-चार वेळा किंवा दर दुधानंतर अशी शी होणं नेहमीचंच. महिना-दीड महिना उलटला की तेच बाळ चार-पाच दिवस शी करत नाही आणि घरात एरंडेलाची बाटली निघते. ती परत ठेवावी. बाळ नीट पितंय, खेळतंय आणि झालेली शी मऊ आहे, तर आईचं दूध पूर्ण पचल्याने मागे फार काही उरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्याकडे ही मोजणी कालनिर्णयच्या पानावर चालायची. उभी रेघ म्हणजे शू, फुली म्हणजे शी. लेकीच्या फोनवर त्यासाठी अॅप होतं, पण मध्यरात्री एका हातात बाळ असताना पेन्सिलच सोयीची पडते हे तिलाही दोन दिवसांत पटलं. डायपरमध्ये शू झाली की नाही हे ओळखता येत नसेल, तर एक युक्ती करून बघावी. कोऱ्या डायपरमध्ये तीन टेबलस्पून पाणी ओतावं आणि हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यावा. एकदा हाताला सवय झाली की काटा लागत नाही. अतिदक्षता विभागातल्या नवजात बाळांचे डायपर परिचारिका मात्र काट्यावर वजन करून नोंदवतात. किलोमागे तासाला एक ते दोन मिलिलिटर शू व्हायला हवी, असा तिथला ढोबळ हिशेब. तीन किलोच्या बाळाला चोवीस तासांत साधारण ७० ते १४५ मिलिलिटर.

हळद आणि चुना

आता दुसरा प्रश्न. ओलं राहिलं तर बिघडतं काय?

खूप वेळ भांडी घासली की बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतते. बंद डायपरमध्ये बाळाच्या कातडीचं तेच होतं. फुगलेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त घासली जाते, लवकर सोलवटते आणि बाहेरच्या गोष्टी सहज आत शिरू देते. पण नुसत्या ओलीने ढुंगण लालेलाल होत नाही. खरा घोळ शू आणि शी एकत्र आल्यावर होतो.

आपली त्वचा किंचित आंबट असते. आम्लता मोजायच्या पट्टीवर साडेपाचच्या आसपास. हा आंबटपणा म्हणजे तिचं कवच. शीमधले जिवाणू एक विकर तयार करतात, ते शूमधल्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतं. अमोनिया अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, त्यामुळे त्वचेचा आंबटपणा जातो. आणि तो गेला की शीमधली दुसरी विकरं जोर धरतात, जी आतड्यात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ पचवत होती. ती आता बाळाच्या कातडीवर काम सुरू करतात. हळद पिवळी, चुना पांढरा, पण दोन्ही एकत्र आले की कुंकवासारखा लाल रंग होतो. इथेही तसंच. गंमत म्हणजे हळद लाल होते तीही चुन्याच्या अल्कधर्मामुळेच.

हे कोडं उलगडायला बरीच वर्षं लागली. रात्रीचा लंगोट सकाळी काढला की नाकात झिणझिण्या आणणारा वास येतो, त्यामुळे संशय पहिल्यापासून अमोनियावर होता. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या कुक नावाच्या डॉक्टरांनी बाळांच्या शीतला अमोनिया तयार करणारा जिवाणू दाखवला आणि पुढची पन्नास वर्षं पुरळाचा गुन्हा अमोनियाच्या नावावर लागला. १९७७ मध्ये लेडन, क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरळ असलेल्या आणि नसलेल्या बाळांची तुलना केली, तर अमोनियात म्हणावा तसा फरक निघेना. पुढे १९८६ मध्ये बकिंगहॅम आणि बर्ग यांनी शीमधल्या विकरांकडे बोट दाखवलं. अमोनिया हा दार उघडून देणारा साथीदार, लुटणारे वेगळेच.

यातून नियम आपोआप निघतो. नुसत्या शूचा डायपर तासभर उशिरा बदलला तर फारसं बिघडत नाही. शीचा डायपर अर्धा तास राहिला तरी कातडीला त्याची किंमत मोजावी लागते. जुलाब होत असतील तर आणखी घाई करावी, कारण घाईने बाहेर पडणाऱ्या शीत ही विकरं जास्त असतात. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी जरा आंबट असते, म्हणून त्यांना हा त्रास कमी होतो. वरचं अन्न सुरू झालं की शी बदलते, आणि नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान पुरळाच्या तक्रारी सगळ्यात जास्त दिसतात.

साबुदाण्याची करामत

डायपरला आपल्याकडे बरीच वर्षं सगळे "हगीज"च म्हणत. इंग्रजीत त्या नावात मिठी आहे, पण मराठी कानाला त्यात जे ऐकू आलं ते कामाला इतकं चपखल होतं की दुसऱ्या नावाची गरजच पडली नाही.

ही वस्तू मात्र एका दिवसात जन्मली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मॅरियन डॉनोव्हन नावाची एक आई रोज ओल्या चादरी धुऊन कावली होती. तेव्हा लंगोटावर रबरी चड्डी घालत. तिने ओल बाहेर येत नसे, पण आत बाळ उकडून निघे. डॉनोव्हनने १९४६ मध्ये न्हाणीघराचा पडदा कापून शिवणयंत्रावर एक आवरण शिवलं आणि पिनांच्या जागी बटणं लावली. १९५१ मध्ये तिला पेटंट मिळालं आणि हक्क दहा लाख डॉलरना विकले गेले. वापरून फेकायच्या कागदी लंगोटाची कल्पनाही तिने मांडली होती, पण कारखानदारांना ती पटली नाही. काही वर्षांनी प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतले रसायन अभियंता व्हिक्टर मिल्स त्याच वस्तूच्या मागे लागले आणि १९६१ मध्ये पॅम्पर्स बाजारात आलं. त्यात लाकडाचा लगदा होता, म्हणून तो डायपर जाडजूड असे आणि लवकर भरे.

खरी क्रांती १९८०च्या दशकात झाली. लगद्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे पांढरे दाणे मिसळले जाऊ लागले. हे दाणे पाणी पिऊन फुगतात आणि दाबलं तरी सोडत नाहीत. आमच्या जावईबापूंनी एकदा दुपट्यात अडकलेला डायपर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकला होता, तेव्हा ही करामत घरभर पाहायला मिळाली. ड्रमभर भिजलेला साबुदाणा! तो धुऊन जाईना. शेवटी मूठभर मीठ टाकलं, तेव्हा दाणे पाणी सोडून बसले. मिठाने हे दाणे मान टाकतात, म्हणूनच साध्या पाण्यापेक्षा खारट शू ते बरीच कमी शोषतात.

या दाण्यांनी बाळांच्या कातडीवर उपकार केले, यात वाद नाही. ओल त्वचेपासून लांब गेली, शू आणि शी काही प्रमाणात वेगळ्या राहू लागल्या. पण दाणे शू पितात, शी नाही. जाहिरातीत बारा तासांचं आश्वासन असतं ते गळतीबद्दल. कातडीने तेवढा वेळ काय सोसलं, ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. काही डायपरवर एक पिवळी रेघ असते, ती शू लागली की निळी होते. आम्लता ओळखणाऱ्या रंगाची ती रेघ. ती "शू झाली" एवढं सांगते, "किती झाली" ते नाही. म्हणून एकदा निळी झाली की धावायची गरज नाही आणि निळी होऊन चार तास झाले असतील तर वाट बघण्यात अर्थ नाही.

दिवसाचा क्रम

घड्याळ लावण्यापेक्षा बाळाच्या दिवसाला बदलणं बांधून टाकणं सोपं. सकाळी उठल्यावर, दर दुधानंतर किंवा मध्ये, आंघोळीआधी, बाहेर निघताना, रात्री झोपवताना. एवढ्यातच आठ-दहा वेळा होऊन जातात. दुधाआधी बदलला की बहुतेक वेळा पिता पिता पुन्हा शी होते, म्हणून तान्ह्याला एका बाजूचं पाजून मग बदलावं. बदलताना बाळ जागं होतं आणि दुसरी बाजू नीट पितं.

रात्रीचा नियम वेगळा. नुसती शू असेल आणि बाळ झोपलेलं असेल, तर उठवून बदलू नये. झोपताना जाडसर मलमाचा थर लावून नवा डायपर घातला की बहुतेक बाळांची रात्र निभावते. शीचा वास आला किंवा डायपर लोंबायला लागला तर मात्र उठावं. दिवा मंद, बोलणं कमी आणि हात भराभर.

स्वच्छ करताना तान्ह्या बाळाला कोमट पाणी आणि मऊ सुती कापड किंवा कापूस पुरतो. वाइप्स वापरले तर बिनवासाचे घ्यावेत. मुलगी असेल तर पुढून मागे पुसायचं, उलट कधीच नाही. नाहीतर शीतले जंतू मूत्रमार्गाकडे जातात. मुलगा असेल तर शिस्नावरची कातडी मागे ओढू नये. त्या वयात ती आतून चिकटलेलीच असते. घासायचं नाही, टिपायचं. मग पाच मिनिटं वारा लागू द्यायचा. नाळ पडेपर्यंत डायपरची कड नाळेच्या खाली दुमडावी. आणि एक हात कायम बाळावर. पालथं पडणारं बाळ पलंगावरून पडायला एक क्षण पुरतो, म्हणून बदलायचं सगळं सामान आधी जवळ घ्यावं.

टाल्कम पावडर मात्र कपाटातच राहू द्यावी. तिची भुकटी श्वासातून बाळाच्या फुप्फुसात जाते आणि मांड्यांच्या घड्यांत तिच्या गुठळ्या होतात. आजीच्या खोबरेल तेलाला हरकत नाही.

लंगोट धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावेत. कातडीला उरलेला साबण शूइतकाच झोंबतो. शी आधी संडासात टाकायची, मग भिजत घालायचं. वाळवायला कडक ऊन सगळ्यात चांगलं. पावसाळ्यात ते मिळत नाही. माझ्या आजोळी कोकणात निखाऱ्याच्या शेगडीवर वेताची टोपली पालथी घालत आणि तिच्यावर बाळोती पसरत. धुराचा वास त्या कापडाला आणि त्या बाळाला महिनाभर असे. आज बंद खोलीत ते करू नये, धूर आणि कोळशाचा वायू दोन्ही घातक. इस्त्री फिरवली की काम होतं. आणि दमट लंगोट वापरण्यापेक्षा त्या दिवसापुरता डायपर बरा, एवढा लवचिकपणा आजीकडे असावा.

हेच आजी लोक आणखी एक काम करत. पाय पसरून बसायचं, बाळाला पावलांच्या मध्ये टेकवायचं आणि तोंडाने "शूऽऽऽ" आवाज काढायचा. झोपेतून उठल्यावर आणि दूध प्यायल्यावर पाच-दहा मिनिटांनी. बाळ शिकतं असं नाही, आपणच त्याची वेळ ओळखायला शिकतो. त्यात दिवसाचे तीन-चार डायपर वाचतात, हा फायदा लहान नाही. कारण महिन्याच्या बजेटचा विचार करून एकच डायपर दिवसभर पुरवणाऱ्या आया पुष्कळ आहेत. त्यांना रागावण्यापेक्षा घरात लंगोट आणि प्रवासात डायपर, ही वाटणी सांगितलेली बरी.

शेवटी हात साबणाने धुणं. "बाळाची शी कसली घाण!" हे प्रेमाने म्हणायला ठीक आहे. पण जुलाबाचे जंतू तान्ह्याच्या शीतही असतात. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना रोटाव्हायरसचे थेंब पाजतात, त्यातला जिवंत पण दुबळा केलेला विषाणूही काही दिवस शीतून बाहेर पडतो.

लाल झालंच तर

इतकं करूनही एखाद्या दिवशी लाली येतेच. तेव्हा आधी घड्या बघाव्यात. ढुंगणाचा फुगीर भाग लाल आणि जांघेच्या घड्या मात्र स्वच्छ असतील, तर ती ओलीची आणि घासण्याची लाली. जास्त वेळा बदला, दिवसातून दोन-तीनदा डायपरशिवाय सुती कापडावर मोकळं झोपवा आणि झिंक ऑक्साईडचं मलम चपातीला तूप लावतो तसं नाही, केकला क्रीम लावतो तसं जाड लावा. पुढच्या वेळी ते खरवडून काढायचं नाही, फक्त घाण झालेला वरचा थर टिपायचा. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत फरक पडतो.

लाली घड्यांच्या आत शिरली असेल, रंग भडक असेल, कडा स्पष्ट असेल आणि आजूबाजूला सुटे लाल ठिपके असतील, तर ती बहुधा बुरशी. प्रतिजैविकांचा कोर्स झाल्यावर ती हमखास डोकं वर काढते. तिला बुरशीचं मलम लागतं आणि ते डॉक्टरांनी द्यावं. शेजारणीने दिलेली किंवा दुकानातून मागून आणलेली "सगळ्यावर चालणारी" ट्यूब लावू नये. अशा ट्यूबमध्ये अनेकदा तीव्र स्टेरॉईड असतं. दोन दिवसांत लाली जाते म्हणून सगळे खूश होतात, पण डायपरखाली झाकलेल्या नाजूक कातडीतून ते भराभर शरीरात शिरतं आणि कातडी पातळ होत जाते. फोड, पू, ताप किंवा उघडी जखम दिसली तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठावा.

रंगही वाचावा

लंगोट बदलताना नाक मुरडून चटकन गुंडाळून टाकायची सवय असते. दोन सेकंद बघावं. पहिल्या तीन-चार दिवसांत विटेच्या भुकटीसारखा नारिंगी डाग दिसला तर ते रक्त नसतं, शूतल्या युरेटचे स्फटिक असतात. पाचव्या दिवसानंतरही तो दिसत राहिला, तर दूध कमी पडतंय असं समजून दाखवून यावं. मुलींच्या लंगोटात पहिल्या आठवड्यात रक्ताचा किंचित डाग पडू शकतो. आईची संप्रेरकं उतरत असल्याची ती खूण.

सहा-आठ तासांत एकही लंगोट ओला झाला नाही आणि बाळ सुस्त आहे, तर थांबू नये. शीत रक्त, किंवा काळी शी संपून गेल्यावर पुन्हा काळी शी, हेही त्याच दिवशी दाखवायचं.

सगळ्यात मोठी धोक्याची खूण मात्र रंग नसण्याची आहे. शी पांढुरकी, राखाडी किंवा चुन्यासारखी फिकी होत असेल आणि दोन आठवड्यांनंतरही कावीळ उतरत नसेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. जपानचे शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांच्या नावाची शस्त्रक्रिया त्यावर करतात, आणि ती बाळ दोन महिन्यांचं होण्याआधी झाली तर यकृत वाचण्याची आशा जास्त असते. तैवानने २००४ पासून देशातल्या प्रत्येक नव्या आईच्या हाती शीच्या रंगांचं कार्ड दिलं. आईने लंगोट उघडायचा, रंग जुळवायचा आणि फिका निघाला तर फोन करायचा. तिथे उशिरा पोहोचणाऱ्या बाळांचं प्रमाण त्यामुळे घटलं. एवढं मोठं काम एका छापील कार्डाने आणि आईच्या डोळ्यांनी केलं.

आपल्या हातून सुटल्यावर

दिवसाला सात-आठ डायपर म्हणजे महिन्याला दोनशेच्या वर. ते कुठे जातात? पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे "स्वच्छ" ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. दारोदार कचरा घेणाऱ्या या बायकांना सुका कचरा हाताने निवडावा लागतो, आणि उघडा डायपर त्यांच्या हातात येतो. म्हणून तिथे लाल ठिपक्याची मोहीम सुरू झाली. शी संडासात झटकायची, डायपर घट्ट गुंडाळून वर्तमानपत्रात बांधायचा आणि त्यावर लाल ठिपका काढायचा. वेचणारीला न उघडता कळतं. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी उत्पादकांना पाकिटाबरोबर गुंडाळायची पिशवीही द्यायला सांगितली होती. पिशवी मिळो न मिळो, लाल स्केचपेन पाच रुपयांत येतो.

आमच्या कालनिर्णयवर महिनाभर रेघा आणि फुल्या वाढत गेल्या. एकादशीवर फुल्या, चतुर्थीवर फुल्या. पान उलटलं तेव्हा लेकीने पेन्सिल ड्रॉवरमध्ये टाकली. आता ती बाळाला उचलते, एका हातावर तोलते आणि म्हणते, "भरलाय हा." वजनकाटा पुन्हा केकच्या कामाला लागला आहे. परवा मी गंमत म्हणून तिने काढलेला डायपर त्यावर ठेवला. तिचा अंदाज नव्वद ग्रॅमचा होता. काटा ब्याण्णवावर थांबला.